कढीपत्त्यासाठी पोर्ट ८०८१

निहारचं आणि माझं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. वीज गेली, राउटर बंद पडला, परत चालू झाला, आणि वरची ओळ पुसली गेली — असं समजा. त्या वर्षी आमच्या कंपनीचे राउटर हेच करत होते, आणि ते असं का करतात हे शोधण्याचा मला पगार मिळत होता. तर पाटी कोरी. निहार कोण, मला माहीत नाही. मी नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत बसले आहे, आणि काचेपलीकडे मोहरीचं शेत आहे.

शेत खरंच होतं. इमारतीला लिफ्ट आली होती, कॅफेटेरिया आला होता, गेटवर कारंजंसुद्धा आलं होतं. रस्ता तेवढा यायचा बाकी होता.

मी मृणाल. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, आणि बाबा रिटायर झाल्यावर इंदिरापुरमच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. आमच्या सोसायटीच्या नावात 'ग्रीन्स' आहे, आणि सोसायटीत हिरवा आहे तो फक्त गेटवरच्या गार्डचा स्वेटर. हा गार्ड या गोष्टीत महत्त्वाचा, कारण राउटर म्हणजे काय हे मी सगळ्यांना त्याच्यावरूनच समजावते. बाहेरून कोणी आलं की तो विचारतो, "किसके यहाँ?" उत्तर आलं नाही की परत पाठवतो. घरातला राउटर तेच करतो. आतून बाहेर कोणीही जावं. बाहेरून आत यायचं असेल तर त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, अमुक नंबर सांगत कोणी आलं तर त्याला सरळ अमुक खोलीत सोड. या सांगून ठेवण्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. एवढंच. यासाठी लोक चार वर्षं इंजिनिअरिंग करतात.

आमच्या नव्या मॉडेलचा गार्ड मात्र सांगितलेलं विसरायचा. सगळ्यांकडे नाही, काही घरांत. लॅबमध्ये तर कधीच नाही. लॅबमध्ये राउटरची एक लांब रांग महिनोन् महिने दिवे मिचकावत बसलेली असायची, आणि त्यातल्या प्रत्येकाला सगळं पाठ. आमचा टीम लीड जयदीप कानपूरचा. जो बग लॅबमध्ये येत नाही तो बग नसतो, ते ग्राहकाचं नशीब असतं, असं त्याचं मत होतं. तरी नियम म्हणून घरी जाऊन बघायचं. एका तक्रारीवर जास्तीत जास्त तीन भेटी. तिसऱ्या भेटीतही काही सापडलं नाही, तर 'दोष आढळला नाही' असं लिहून ग्राहकाला जुनं मॉडेल द्यायचं आणि तक्रार कायमची बंद. मला फोनवरच्या कामातून उचलून या कामावर ठेवलं होतं ते प्रयोग म्हणून. बग सापडला तर ठीक, नाहीतर परत कानाला हेडफोन आणि दिवसभर "सर, क्या आपने तार लगाया है?"

लक्ष्मीबाई नगरची तक्रार माझी पहिली. ग्राहकाचं नाव निहार. मला वाटलं, ओडिया असेल.

शेजारच्या आयएनए बाजारापाशी मेट्रोचं खोदकाम चालू होतं, त्यामुळे ऑटोवाल्याने मला कुठेतरी मातीच्या ढिगाऱ्याशी सोडलं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा असा चेहरा केला. जानेवारीचं कोवळं ऊन होतं. तळमजल्यावरचं क्वार्टर, पुढे टेबलक्लॉथएवढी बाग, आणि बागेत स्टुलावर उभा राहून एक तरुण माणूस झाडाशी बोलत होता.

"थोड़ा लेफ्ट... बस. अब हिलना मत," तो म्हणाला.

झाड हललं नाही.

राउटरशी बोलणारे ग्राहक मी फोनवर पुष्कळ ऐकले होते. झाडाशी बोलणारा पहिलाच. त्याने भिंतीवरच्या पाइपाला पायजम्याच्या नाडीने एक छोटा कॅमेरा बांधला होता, आणि नाडी घसरू नये म्हणून तो आता खिळा ठोकत होता. मी खाकरले. त्याने वळून बघितलं. डोळे चांगले होते... हे मी त्या वेळी नोंदवलं नाही, कारण भेटीच्या अहवालात तसा रकाना नाही.

आप राउटरवाली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जी, और आप कैमरेवाले. मग त्याने माझ्याकडे बघत बघत हातोडी मारली आणि ती खिळ्याऐवजी अंगठ्यावर बसली.

"आई गं—"

मी बॅग खाली ठेवली.

"जोरात लागलं का?" मी विचारलं.

तो अंगठा विसरला. "तुम्ही मराठी? नाव ऐकून मला बंगाली वाटलात."

"मला तुम्ही ओडिया."

"म्हणजे मघापासून आपण उगाचच इतकं वाईट हिंदी बोलत होतो."

"वाईट तुमचं होतं," मी म्हटलं. "माझं दिल्लीचं आहे."

तो अंगठा तोंडात घालून हसला. अंगठा तोंडात घालून हसणारा माणूस देखणा दिसू शकत नाही, असा माझा तोवर समज होता.

निहार पुण्याचा. गुडगावला एका विमा कंपनीत नोकरी, आणि राहायला इथे काका-काकूंकडे. काका म्हणजे श्यामकांतराव, मंत्रालयात अधिकारी; काकूंचं नाव अलका. झाड कढीपत्त्याचं. काकांनी ते रोप असताना पुण्याहून रेल्वेने मांडीवर बसवून आणलं होतं, आणि आता कोणीतरी रोज दुपारी त्याचे शेंडे खुडत होतं. सरकारी वसाहत म्हणजे इथे एकेका मजल्यावर एकेक राज्य. त्यांतल्या बऱ्याच राज्यांत फोडणीला कढीपत्ता लागतो, त्यामुळे संशयितांची यादी मोठी होती. काकांनी तिच्यातून पंजाबला तेवढं वगळलं होतं. ऑफिसच्या वेळात ऑफिसातूनच झाडावर नजर ठेवता यावी म्हणून निहारने नेहरू प्लेसहून हा कॅमेरा आणला होता. ८०८१ नंबर सांगत कोणी बाहेरून आलं तर राउटरने त्याला कॅमेऱ्यापर्यंत सोडायचं, एवढीच अपेक्षा. सकाळी सगळं ठीक असायचं. दुपारी काकांच्या पडद्यावरून झाड नाहीसं व्हायचं, आणि संध्याकाळी बघावं तर राउटर सगळं विसरलेला, आणि झाडाचा एक शेंडा कमी.

राउटर बाहेरच्या खोलीत होता, दाराजवळ. खोलीत प्लगची जागा सरकारने एकच दिली होती, ती दाराशेजारच्या बटणांच्या बोर्डात. राउटरवर काकूंनी विणलेला रुमाल घातला होता. मी आले तेव्हा त्यांनी तो देवावरचं निर्माल्य काढावं तसा अलगद उचलला आणि मला जागा करून दिली. मी ८०८१ परत सांगून ठेवलं आणि नोएडाला जयदीपला फोन लावून बाहेरून बघायला सांगितलं.

"पेड़ दिख रहा है," जयदीप म्हणाला. आवाज इंजिनिअरिंगच्या पदवीचा पश्चात्ताप झालेल्या माणसाचा होता. थोड्या वेळाने म्हणाला, "हिल भी रहा है।"

काकूंनी चहा दिला, मी कुठली, आई-बाबा कुठले, भाजी कुठून आणतो, हे सगळं विचारलं, आणि निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी पर्समध्ये कोंबली. आत कढीपत्ता. "आईला दे," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना बोलू नकोस. त्यांना हल्ली पानं मोजायची सवय लागलीये."

मग सगळे मला सोडायला बागेच्या फाटकापर्यंत आले, कारण मराठी माणसाचं निघणं खोलीत सुरू होतं आणि फाटकाशी अर्धा तास चालतं. मी बुटांच्या नाड्या बांधत होते म्हणून सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. बॅग उचलली, खोलीतून निघताना माणूस जे जे करतो ते केलं, आणि निघाले.

संध्याकाळी फोन आला. "गार्ड विसरला," निहार म्हणाला. त्याच्या आवाजात जेवढं दुःख असायला हवं होतं, तेवढं नव्हतं.

पुढचे काही दिवस तो रोज तक्रारीची प्रगती विचारायला फोन करायचा. प्रगती नसायची, तरी फोन लांबायचा. एकदा मी त्याला बजावलं की हा कॉल गुणवत्ता तपासण्यासाठी रेकॉर्ड होतो आहे. मग तो सावकाश, शब्द सुटे करून म्हणाला, "तर रेकॉर्डवर येऊ दे, की इंजिनिअरची गुणवत्ता उत्तम आहे. हसल्यावर विशेष." महिनाअखेरीच्या बैठकीत जयदीपने ते रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं, एका मराठी मुलीकडून त्याचं भाषांतर करून घेतलं, आणि पुढे लिहिलं, 'ग्राहक समाधानी.'

दुसऱ्या भेटीला काकू बागेत उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. निहारने ऑफिसात दाढदुखी सांगून सुटी घेतली होती, आणि दाढदुखी झालेल्या माणसाच्या मानाने तो कच्चे मटार बरेच खात होता. मी राउटर उघडला, तपासला, पुसला, ८०८१ परत सांगून ठेवलं आणि विसरतो का बघत बसले. विसरेना. मग करायला काही उरलं नाही म्हणून मीही मटार सोलायला घेतले.

माझं मराठी ऐकून निहारला गंमत वाटत होती. तो मधेच एखादा पुणेरी शब्द टाकायचा आणि मला समजला का बघायचा. समजला नाही की फार खूश व्हायचा.

"माझं मराठी सरकारी क्वार्टरमधलं आहे," मी त्याला सांगितलं. "दोन खोल्यांचं. जास्तीचे शब्द ठेवायला जागा नाही."

"थोडे माझ्याकडे ठेवा," तो म्हणाला. "लागतील तेव्हा येऊन घेऊन जा."

काकूंनी मटाराच्या शेंगेतून मान वर केली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि मान परत शेंगेत घातली. मी पण घातली. एका शेंगेत सात दाणे असले की काहीतरी चांगलं होतं, असं मी लहानपणी मानायचे. माझ्या शेंगेत पाच निघाले आणि एक अळी.

"मला त्या गार्डचं परत सांगा," निहार म्हणाला. "एकदा नाव सांगून ठेवलं, की त्याला कायमचं लक्षात राहायला हवं ना?"

"राहायला हवं."

"मग इंदिरापुरमला माझं नाव सांगून ठेवा. कधी आलो तर परत पाठवायला नको."

"कारण विचारतात तिथे." माझे कान तापले होते. ऊन असणार. "काय सांगू?"

"सांगा..." त्याने एक मटार उडवून तोंडात झेलला. झेल चुकला, मटार काकूंच्या डोक्यावर पडला. "सांगा, विचार करून कळवतो म्हणाला."

संध्याकाळी राउटर परत विसरला.

आता एकच भेट उरली होती. जयदीपने स्पष्टच सांगितलं: तिसऱ्यांदा जाऊन ये, सापडलं नाही तर तक्रार बंद, त्याला जुनं मॉडेल, तुला हेडफोन. मी लॅबमधल्या त्या आज्ञाधारक रांगेसमोर उभी राहून विचार करायचे. बग सापडला नाही तर लक्ष्मीबाई नगरला परत जायचं कारण संपणार होतं, आणि नोकरीही जुनी होणार होती. बग सापडला तर नोकरी राहणार होती, पण परत जायचं कारण संपणारच होतं. दोन्हीकडून निहार वजा. मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा बग सापडावा आणि सापडू नये, असं एकाच वेळी मनापासून मागत होते. देवालाही अशी तक्रार समजत नसावी, त्याने ती कोणाकडे तरी फॉरवर्ड केली असणार.

तिसऱ्या भेटीला पाऊस होता. फेब्रुवारीअखेरचा दिल्लीचा तो पाऊस, पडतोय का थुंकी उडतेय हे न कळणारा. सगळ्या वसाहतीला ओल्या लोकरीचा वास येत होता. मी ठरवूनच आले होते, की राउटर विसरेपर्यंत हलायचं नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत विसरला पाहिजे. काकांना फोन करून त्यांच्या ऑफिसातल्या इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरवर झाड उघडून ठेवायला सांगितलं. झाड नाहीसं झालं की लगेच कळवा, म्हटलं. काका म्हणाले की आज मी तसंही दुसरं काही काम ठेवलेलं नाही.

मी राउटरसमोर बसले. निहार माझ्यासमोर बसला. त्याची आज दुसरी दाढ दुखत होती. काकूंनी मटकीची उसळ केली, आम्ही तिघांनी राउटरकडे बघत खाल्ली. काकू दुपारच्या आडव्या होतात म्हणे, पण आज पाहुणी आहे म्हणून झाल्या नाहीत. पाऊस थुंकत राहिला. काकांचा मधूनमधून फोन यायचा, झाड आहे. अजून आहे. एक पक्षी आला. गेला. राउटर असा ठणठणीत होता, की मला त्याचा राग यायला लागला. रोगी बरा आणि डॉक्टर आजारी, अशी अवस्था.

शेवटी दिवे लावायची वेळ झाली. मी म्हटलं, दोष आढळला नाही. निहारने राउटरवर रुमाल परत घातला. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल.

काकू नेहमीची पुडी हातात ठेवून, छत्री घेऊन पुढे फाटकाशी गेल्या. मी बुटांच्या नाड्या बांधल्या. एकेक नाडी दोनदा बांधली. मग बॅग उचलली आणि उठले. निहार या वेळी बाहेर गेला नव्हता. तो जाळीच्या दाराशी उभा होता, आणि माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होता.

"मृणाल," तो म्हणाला. त्याने मला नुसत्या नावाने हाक पहिल्यांदाच मारली. "हात बघ."

मी बघितला. माझा उजवा तळहात दाराशेजारच्या बोर्डावर होता. सगळ्या बटणांवर एकदम. एक झटका वर दिला की ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, प्लगही बंद.

आमच्या घरात रिकाम्या खोलीत बटण चालू राहिलं, तर बाबा ते बंद करायला ऑफिसातून परत येतील, असं वातावरण होतं. मुलांना बाराखडीच्या आधी तो हात शिकवला जायचा. निघताना तळहात बोर्डावरून फिरवायचा. मला तो करावा लागत नाही. तो होतो.

"मागच्या दोन्ही वेळेला?" मी विचारलं.

"हो."

"आणि त्याआधी?"

"काकू. दुपारी आतल्या खोलीत पडायला जाताना. अगदी असाच हात." त्याने हवेत करून दाखवला. "काकूंचं मला तुझ्यामुळेच कळलं. तू केलंस, आणि मग काकूंना करताना बघितलं."

"तुला माहीत होतं. आणि तू तक्रार करत राहिलास."

"पहिल्या वेळेला आत येऊन बघतो तर सगळी बटणं बंद, म्हणून सांगायला धावत आलो होतो. तुझी ऑटो सुटली. मग वाटलं... फोनवर सांगितलं, तर तू फोनवरच थँक यू म्हणशील आणि संपेल. तक्रार केली तर तुला यावं लागेल."

"मग आज का सांगितलंस?"

पावसाचा आवाज येत नव्हता, एवढा तो बारीक होता.

"आज सांगितलं नसतं तर तू हेडफोनला परत," तो म्हणाला. "आणि दुसरं म्हणजे... मला तक्रार करून कंटाळा आला. यापुढे तू विनाकारण यावंस, असं वाटतं."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत नाजूक क्षण होता. मी जयदीपला फोन लावला.

लॅबमधल्या एका राउटरला ८०८१ आत्ता नव्याने सांगून ठेव आणि लगेच बंद करून चालू कर, म्हटलं. जयदीप म्हणाला, बंद? क्यों? त्याला प्रश्नच कळेना. लॅबला मोठा यूपीएस होता. तिथल्या कुठल्याही राउटरने जन्मापासून अंधार बघितला नव्हता, आणि त्यांना तो दाखवावा असं कोणाला सुचलंही नव्हतं. मी म्हटलं, मेरे लिए. बटणाचा आवाज आला. मग कीबोर्डचा.

"गया," जयदीप म्हणाला. "अभी बताया, अभी भूल गया।" मग हळू आवाजात, "मृणाल, ये तो सच में बग है।"

कारण नंतर कळलं. सारखं लिहून राउटरमधली चिप झिजू नये, म्हणून कोणा काटकसरी इंजिनिअरने ठरवलं होतं की सांगितलेलं आधी नुसतं लक्षात ठेवायचं, आणि राउटर सलग एक अख्खा दिवस चालू राहिला तरच पक्कं लिहून घ्यायचं. आता, मराठी घरात अख्खा दिवस चालू राहतो असा फक्त फ्रिज. तिकडची काटकसर आणि इकडची काटकसर एकमेकींवर आदळल्या आणि मधे कढीपत्ता सापडला.

पण हे नंतर. त्या वेळी मी फोन ठेवला, आणि निहार अजून जाळीच्या दाराशी उत्तराची वाट बघत उभा होता. मी बटणांना हात न लावता बाहेर आले. फार जड गेलं. बागेत काकू फाटकाशी शेजारच्या तमिळ मावशींशी बोलत होत्या, आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"विनाकारण यायला मला जमणार नाही," मी निहारला म्हटलं. "सवय नाही. काहीतरी कारण दे."

त्याने इकडेतिकडे बघितलं. टेबलक्लॉथएवढ्या त्या बागेत फूल एकही नव्हतं. मग त्याने हात वर करून कढीपत्त्याचा अगदी कोवळा, पावसाने चमकणारा शेंडा खुडला आणि माझ्यापुढे धरला. त्याचा अंगठा अजून थोडा निळा होता.

"हे कारण. घरी ने. फोडणीला संपलं, की परत ये."

"आमच्याकडे रोज फोडणी असते."

"मग रोज ये."

मी तो शेंडा घेतला, हुंगला, आणि कुठे ठेवावा हे न सुचून केसांत खोचला. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघू दिलं. सांबाराचा वास येत होता, पण तेवढ्याने काही बिघडलं नाही.

तेवढ्यात घरात फोन वाजला. निहारने धावत जाऊन उचलला. काकांचा आवाज फोन न लावताही मंत्रालयातून ऐकू आला असता.

"चोर सापडला," काका म्हणाले.

कॅमेरा. मी बटण बंद केलं नव्हतं ना. त्या दिवशी पहिल्यांदाच बंद केलं नव्हतं, त्यामुळे झाड काकांच्या पडद्यावर सुखरूप होतं, आणि झाडाखाली आम्ही. काकांच्या खुर्चीमागे अख्खी शाखा चहाचे कप घेऊन उभी होती. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, त्यामुळे त्यांना दिसलं ते एवढंच, की सख्ख्या पुतण्याने डावी-उजवीकडे नजर टाकून सगळ्यांत कोवळा शेंडा तोडला, आणि एका तरुण मुलीच्या हवाली केला. मुलीने माल हुंगून तपासला. मग केसांत लपवला.

"टोळी आहे," काका म्हणाले. "ती राउटरवालीही सामील आहे. मला पहिल्यापासून शंका होती."

एव्हाना काकू आत आल्या होत्या. त्यांनी निहारच्या हातातून फोन घेतला, काकांचं सगळं शांतपणे ऐकलं, माझ्या केसांकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. निहारने त्यांना हाताने खूण करून बटणांचं सांगितलं. म्हणजे हवेत तळहात फिरवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. काकूंचा चेहरा उजळला.

"अहो, टोळी नाही ती," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "सून आहे."

पलीकडे मंत्रालयात चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले.

"निघताना बटण बंद करते," काकू म्हणाल्या. "आणखी काय बघायचं असतं?"

काकांनी बहुधा विचारलं असावं, की मग इतके दिवस शेंडे कोण नेत होतं. कारण काकू म्हणाल्या, "हाच नेत असणार. तिच्यासाठी." आणि तमिळ मावशींसाठी खुडलेली जुडी त्यांनी पदराआड घेतली. निहारने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी गुन्हा कबूल केला. तेवढी किंमत ठीक होती.

पुढे फार काही नाही. आई-बाबा रविवारी लक्ष्मीबाई नगरला आले. बाबा आणि काका पेन्शनवर बोलले, आई आणि काकू फोडणीवर. निघायची वेळ झाली तेव्हा बाबांचा हात आणि काकूंचा हात एकाच वेळी बोर्डावर पोचले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिथेच बैठक संपली. इंदिरापुरमच्या गार्डला मी निहारचं नाव सांगून ठेवलं आहे. तो दर वेळी विसरतो, पण आता निहार वर फोन करतो आणि मी खाली घ्यायला जाते, त्यामुळे मी गार्डची तक्रार केलेली नाही.

अख्खा दिवस कधीच उलटून गेला. तेव्हा वरचं पहिलं वाक्य आता पक्कं लिहिलं गेलं आहे. पुन्हा वाचायला हरकत नाही.

एकच राहिलं. जयदीपने राउटरच्या डोक्यात घालायचं नवीन फर्मवेअर पाठवलं. त्यात सांगितलेलं लगेच पक्कं लिहून घेतलं जातं. मला हेडफोनला परत पाठवलं नाही, आणि लक्ष्मीबाई नगरच्या तक्रारीपुढे 'दोष सापडला, दुरुस्त' असं लिहून ती बंद केली. ती परत उघडायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, योग्य मार्गाने अर्ज करा. तर हा अर्ज.

मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग यांस. सदर तक्रार पुन्हा उघडण्यात यावी, व ग्राहक आणि इंजिनिअर हे उभयता हयात असेपर्यंत ती कोणत्याही कारणाने बंद करू नये. भेटींची कमाल मर्यादा या एका प्रकरणापुरती शिथिल करण्यात यावी. भेटीचे कारण या रकान्यात 'विनाकारण' हा पर्याय नव्याने समाविष्ट करावा. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी, दोन्ही पक्षांच्या सहीने, 'दोष आढळला नाही' एवढेच नोंदवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.